चौथा भिडू

दिवाळीच्या पाडव्याला आणखी एक नाव आहे, ते आपण सहसा मोठ्याने घेत नाही. बलिप्रतिपदा म्हणतो, वहीपूजन म्हणतो, ओवाळणीच्या ताटात काय पडले ह्याची बारकाईने चौकशी करतो. पण 'द्यूतप्रतिपदा' म्हणताना घरातल्या वडीलधाऱ्यांची जीभ किंचित अडखळते. त्या दिवशी शंकर-पार्वती फासे खेळले आणि पार्वती जिंकली, म्हणून त्या दिवशी खेळावे, अशी पुराणातली कथा आहे. कोजागरीच्या रात्रीही लक्ष्मी 'कोण जागे आहे' असे विचारीत फिरते, आणि तिच्यासाठी जागरण करायचे ते फासे-सोंगट्या खेळून. म्हणजे ज्या परंपरेने धर्मराजाच्या जुगाराची फजिती एवढ्या विस्ताराने गायली, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचा विलाप घालून ठेवला, तिनेच वर्षातून दोन रात्री पट मांडायची मोकळीकही दिली. आपले पूर्वज मोठे व्यवहारी होते, असे माझे मत आहे.

आमच्या घरापर्यंत मात्र ही मोकळीक कधी पोचलीच नाही. माझे वडील शाळामास्तर. त्यांच्या लेखी पत्त्यांचा कॅट आणि दारूची बाटली ह्यांत फरक एवढाच की, कॅटला वास येत नाही. पण त्याच घरात त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, राहत होती. ती टेलिफोन खात्यात ट्रंककॉल जोडून देण्याचे काम करी. दहा गावांचे दहा नंबर डोक्यात आणि दहा बोटांना दहा कामे, असा तिचा सगळा जन्म गेला. शिवणकामाच्या सामानाखाली एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ती आपला कॅट ठेवीत असे. तिची सकाळपाळी असली की दुपारी तीन वाजता शुक्रवार पेठेतल्या आमच्या वाड्याच्या माजघरात चार बायका जमत: आत्या, वरच्या मजल्यावरच्या काकू, मागच्या दारच्या वहिनी आणि बोळातल्या डॉक्टरीणबाई. खेळ एकच, मेंढीकोट.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, तो चौघांचा आहे. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू, आणि सगळी झटापट चार दश्शांसाठी. हातातले पत्ते भिडूला सांगायचे नाहीत हा नियम, आणि ते कसेही करून सांगायचे ही रीत. आत्याने पदर सावरला की इस्पिक आणि काकूंनी खोकला काढला की किलवर, हे मला नऊ वर्षांचा असतानाच समजले होते. डॉक्टरीणबाईंना मात्र ते शेवटपर्यंत समजले नाही. त्या काकूंना दर वेळी खोकल्याच्या गोळ्या देत.

पुढे वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली आणि आम्ही स्वारगेटजवळ राहायला आलो. वहिनी मुलाकडे बंगळूरला गेल्या. तिघी उरल्या, तेव्हा पाच-तीन-दोन सुरू झाले. काकू गेल्या, तेव्हा डॉक्टरीणबाई आणि आत्या ह्या दोन पोक्त बाया समोरासमोर बसून लहान मुलांचे भिकार-सावकार खेळू लागल्या. मग डॉक्टरीणबाई कोथरूडला राहायला गेल्या, म्हणजे पुण्याच्या हिशेबाने परगावीच. आता आत्या एकटीच पलंगावर पेशन्स लावीत बसू लागली. चौघांचा खेळ, तिघांचा खेळ, दोघांचा खेळ, एकट्याचा खेळ. कादंबऱ्या लिहिणाऱ्या मला ही उतरंड डोळ्यांसमोर दिसत होती, आणि तिच्यावर करता येण्यासारखे काही सुचत नव्हते. आमच्या घरी माणसे नव्हती असे नाही. पण मला शाळा, बायकोला नोकरी, मुलाला क्लास. संध्याकाळी डाव मांडला तरी एकाचे चित्त नेहमी दुसरीकडे. आत्या पत्ते गोळा करीत म्हणे, "उपकार म्हणून खेळू नका रे. त्याच्यापेक्षा एकटी बरी."

तीन वर्षांपूर्वी पेशन्सही संपला. दृष्टिपटलाच्या मधोमध काळा डाग धरला. असल्या आजारात कडेकडेचे दिसते. जे नीट पाहायला जावे तेच नेमके नाहीसे होते. पत्त्याची चौकट तिला दिसे, राजा दिसत नसे. तिने एके दिवशी डबा बंद केला आणि माझ्या मुलाला देऊन टाकला. आत कॅटच्या खाली वर्तमानपत्राचे एक पिवळे पडलेले कात्रण निघाले, १९६८ सालचे. रमी हा नुसत्या नशिबाचा नव्हे, मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. कोणता पत्ता पडला ते लक्षात ठेवावे लागते, कोणता धरावा आणि कोणता टाकावा ह्याला अक्कल लागते, असा सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता. वडिलांशी कधी वाद झालाच तर हाताशी असावे म्हणून तिने ते जपून ठेवले होते. वाद कधी झालाच नाही. वडिलांना सगळे ठाऊक होते, असा माझा आता तर्क आहे. नाहीतर सकाळपाळीच्या दिवशीच त्यांना शाळेत इतका उशीर होण्याचे कारण नव्हते.

आता ह्या हकिगतीत चीन देश कसा शिरला ते सांगतो. त्यासाठी आधी स्वारगेटची ओळख करून द्यायला हवी. परगावचे लोक स्वारगेट म्हणजे एसटीचा फलाट आणि "सातारा, सातारा" अशी आरोळी एवढेच जाणतात. अलीकडे जमिनीखाली मेट्रोही आली. २०२४ च्या सप्टेंबरात ते भुयारी स्थानक उघडले. पण मूळ नाव स्वारांच्या चौकीवरून पडले असे सांगतात, आणि चौकी म्हटली की तिच्या दोन बाजूंना दोन मुलूख असायचेच. इकडे पेठा, तिकडे लष्कर. इथून शंकरशेट रस्त्याने निघून गोळीबार मैदानापाशी पोचले की हवा बदलते. झाडे मोठी, आवाज लहान आणि भिंतींना गेरूचा रंग. पेठांत मेंढीकोट आणि लाडीस, तिकडे ब्रिज आणि माहजाँग. दोन्ही बाजूंना माणसे चौकोनच करून बसतात, पण एकमेकांचा चौकोन त्यांनी कधी पाहिलेला नसतो.

मी तो पाहिला तो शिकवणीच्या निमित्ताने. सॅलिसबरी पार्कात एका निवृत्त कर्नलसाहेबांच्या पत्नी राहतात. त्या पंजाबकडच्या. साहेब वारले आहेत. सून मराठी, नातवंडे मराठी शाळेतली. नातीच्या वहीतले आपल्याला वाचता येत नाही ह्याचे त्यांना इतके वाईट वाटले की, पंचाहत्तराव्या वर्षी त्यांनी शाळेत निरोप धाडून मास्तर मागवला. मी दर रविवारी जाऊ लागलो. एका रविवारी बाराखडीच्या ऐवजी टेबलावर एक चामड्याची पेटी होती. त्यांनी ती उघडली आणि मला वाटले, दिवाळीचा फराळ लौकर निघाला. आत खोबऱ्याच्या वड्यांसारख्या पांढऱ्या-पिवळ्या वड्या ओळीने रचून ठेवल्या होत्या. हाडाच्या, पाठीला बांबू जोडलेल्या, आणि प्रत्येकीवर रंगीत कोरीव काम.

ह्या वड्या एकशे चव्वेचाळीस. त्यांत तीन जाती, वर्तुळे, बांबू आणि चिनी अक्षरे; प्रत्येकीत एक ते नऊ, आणि प्रत्येक वडी चारदा. शिवाय चार दिशांचे चार वारे, आणि लाल, हिरवा, पांढरा असे तीन ड्रॅगन, तेही चार-चार. वर चार फुले आणि चार ऋतू. खेळाची रीत मात्र कोणाही मराठी गृहिणीला पाच मिनिटांत उमगावी, कारण ती रमीचीच बहीण आहे. तेरा वड्या हातात, एक उचलायची, एक टाकायची. तीन-तीनांचे चार संच आणि एक जोडी जमली की डाव तुमचा. क्रमाने तीन लागल्या तर चाउ, एकसारख्या तीन म्हणजे पंग, चार म्हणजे काँग.

वाचून मला अधिक गंमत वाटली ती त्या जातींची. ज्याला आपण वर्तुळ म्हणतो ते खरे तर नाणे. जुन्या चिनी नाण्यांना मध्ये भोक असे. ते भोकात दोरी ओवून नाण्यांची माळ करीत; ज्याला आपण बांबू म्हणतो तो म्हणजे ती माळ. आणि अक्षरांची जात म्हणजे दहा हजारांचा आकडा. हे सगळे चीनमधल्या जुन्या कागदी पत्त्यांवरून आले. तिथे पैशांच्या जातींचे पत्ते कित्येक शतके चालत होते. एकोणिसाव्या शतकात निंगबो-शांघायच्या बाजूला कोणीतरी त्या पत्त्यांच्या वड्या केल्या. म्हणजे पैसा लावा न लावा, हातात पैसाच असतो. आपल्या गंजिफांतही तेच. मोगली गंजिफांच्या आठ जातींत एक सोन्याच्या नाण्याची, एक चांदीच्या. बाबराने १५२७ साली सिंधमध्ये आपल्या एका स्नेह्याला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे आपल्या लोकांनी त्यातून पैसा काढला आणि देव बसवले: दशावतारी गंजिफा, दहा अवतारांच्या दहा जाती, एकेकीत बारा पाने, मिळून एकशे वीस. दिवसा खेळाल तर रामापासून सुरुवात, रात्री खेळाल तर कृष्णापासून. जुगाराला इतके सोवळे नेसवणारे आपणच! सावंतवाडीचे चितारी ती गोल पाने लाखेचे रोगण देऊन रंगवीत. छापील विलायती पत्ते स्वस्त झाले आणि गंजिफा माळ्यावर गेल्या. १९७० नंतरच्या वर्षांत शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती कला जगवली, म्हणून आज तिथे जाऊन आपल्याला ती पाने हातात घेता येतात. ती विकत घेणारे पुष्कळ, खेळणारे मात्र थोडे. चिनी वड्यांचे तसे झाले नाही.

त्याला कारणे आहेत. वड्या अमेरिकेत गेल्या त्या जोसेफ बॅबकॉक नावाच्या एका गृहस्थामुळे. तेलाच्या कंपनीच्या नोकरीत तो चीनमध्ये राहिला, नियम सोपे करून १९२० साली त्याने एक लहानसे लाल पुस्तक काढले. वड्यांवर कोपऱ्यात आपले आकडे घातले, म्हणजे अक्षरशत्रूलाही खेळता यावे. १९२३ साली तिकडे ह्या खेळाचे असे खूळ माजले की शांघायला हाडे पुरेनात. शिकागोच्या कत्तलखान्यांतली गुरांची हाडे जहाजाने चीनला जात आणि वड्या होऊन परत येत. विकणाऱ्यांनी कन्फ्यूशियसने हा खेळ शोधला अशी लोणकढी थाप उठवली. आपण तरी काय, बुद्धिबळाचा शोध मंदोदरीने रावणाचे मन लढाईतून काढण्यासाठी लावला असे सांगतोच. खूळ ओसरले, पण न्यूयॉर्कमधल्या काही बायकांनी १९३७ साली आपली संस्था काढली. ती दर वर्षी जिंकण्याच्या नव्या रचनांचे एक पत्रक काढते, आणि लाखो टेबलांवर ते आजही उघडले जाते. जपानात तर म्हाताऱ्यांसाठी 'आरोग्यदायी माहजाँग'चे वर्ग निघाले: पैसा लावायचा नाही, प्यायचे नाही, विडी ओढायची नाही. माझ्या वडिलांनी तिथे नाव घातले असते.

चीनमध्ये मात्र ह्या खेळाने विचारवंतांना फार छळले. हू शिह नावाचे थोर पंडित १९२० नंतरच्या दशकात हिशेब मांडून बसले की, देशात रोज निदान दहा लाख पट मांडले जातात, आणि त्यात राष्ट्राचे किती तास वाया जातात. हिशेब चोख होता. पण खुद्द त्यांच्या पत्नीला माहजाँगचे जबर वेड होते. तेव्हा दहा लाखांतला एक पट पंडितांच्या दिवाणखान्यातच मांडलेला असणार. १९४९ नंतर नव्या राजवटीने जुगाराबरोबर ह्या खेळालाही दाबले, सांस्कृतिक क्रांतीत तर वड्या घरात सापडणे धोक्याचे झाले. १९८० नंतरच्या मोकळिकीत त्या परत बाहेर आल्या. १९९८ साली सरकारच्याच क्रीडाखात्याने खेळाचे अधिकृत नियम छापले. माळ्यावरून पेटी निघाली ती थेट कचेरीत गेली!

आपल्याकडे तो खेळ फौजी कुटुंबांत टिकला. दर दोन-तीन वर्षांनी बदली, नवे गाव, नवी भाषा. अशा वेळी ज्या बाईला माहजाँग येते तिला कोणत्याही छावणीत आठ दिवसांत तीन मैत्रिणी मिळतात, असे बाई म्हणाल्या. आणि मग त्यांनी १९७१ च्या डिसेंबरातली गोष्ट सांगितली.

त्या तेव्हा नव्याने लग्न झालेल्या, जालंधरच्या छावणीत. युद्ध सुरू झाले, चौघींचे नवरे आघाडीवर. रात्री पंजाबभर काळोख. काडी ओढायची नाही, खिडक्यांना घोंगड्या. झोप कोणाला येणार? चौघी एका घरात जमत आणि अंधारात माहजाँग खेळत. "अंधारात?" मी विचारले. बाईंनी उत्तर न देता माझ्या हातात एक वडी उपडी ठेवली आणि अंगठा तिच्या पोटावरून फिरवायला सांगितले. कोरलेल्या रेघा लागल्या. "बांबू," त्या म्हणाल्या, "मोजा." सहा होते. ड्रॅगनांतला पांढरा तर सर्वांत सोपा, कारण ती वडी कोरीच. चीनमधले मुरलेले खेळाडू उजेडातसुद्धा वडी बघत नाहीत, अंगठ्यानेच ओळखतात, आणि टाकताना नाव मोठ्याने उच्चारतात. त्या चौघी असे तेरा दिवस खेळल्या. युद्ध संपले तेव्हा तिघींचे नवरे परत आले. चौथीचा आला नाही. पुढे महिनाभर तिघींनी पेटी उघडली नाही. एका दुपारी ती चौथी स्वतः आली, खुर्ची ओढून बसली आणि एवढेच म्हणाली, "आज माझा वारा कुठला?"

घरी येताना रिक्षात माझ्या अंगठ्याला त्या सहा रेघा लागतच होत्या. दुसऱ्याच रविवारी मी आत्याला घेऊन सॅलिसबरी पार्कात गेलो.

तिला मी काही सांगितले नव्हते. सांगितले असते तर उपकाराची शंका आली असती. बाईंचाही चौकोन मोडलेला होता. त्यांच्याकडे येणाऱ्या एक मेजरीणबाई आणि एक पारशी बाई अशा तिघीच उरल्या होत्या, आणि चौथी म्हणून स्वयंपाकाच्या बाईंना अधूनमधून बसवीत. पण त्यांना कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असत. आत्या बसली. वड्या पालथ्या करून आठ हातांनी टेबलावर कालवल्या की केवढा आवाज होतो! माहजाँग हे नावच चिमणीवरून आले असे म्हणतात; पावसाआधी वळचणीला चिमण्यांनी गलका करावा तसा तो आवाज. एक बांबूच्या वडीवर तर पक्षीच कोरलेला असतो. आत्याने आवाज ऐकला, मान तिरकी केली आणि कडेच्या नजरेने टेबलाकडे पाहत विचारले, "एवढ्या वड्या कोणी थापल्या?" त्या दिवसापासून तिथे कोणी टाइल म्हणत नाही. पारशी बाईसुद्धा 'वडी टाको' म्हणतात.

मग तट बांधायचा. प्रत्येकीने आपल्यापुढे अठरा जोड्यांची दुमजली भिंत रचायची आणि चारी भिंती सरकवून मधे चौक करायचा. अंगणातल्या दिवाळीच्या किल्ल्याला बुरूज नसले तर जसा दिसेल तसा तो दिसतो. आत्याला दोन गोष्टी पटल्या नाहीत. एक म्हणजे ऋतू चार. "आमच्याकडे सहा आहेत, उरलेले दोन कुठे गेले?" दुसरी अधिक गंभीर. पूर्वेच्या उजव्या हाताला बसते तिला दक्षिण म्हणतात. आत्या म्हणाली, "पूर्वेला बसून पश्चिमेकडे तोंड केलं तर उजव्या हाताला उत्तर येते. ही दक्षिण कोणाची?" खरेच आहे, ह्या खेळातल्या दिशा जमिनीवरच्या दिशांच्या उलट्या फिरतात. उताणे निजून आकाशाकडे पाहिले तर त्या अशाच दिसतील, असा खुलासा काही जण करतात. आत्याने तो ऐकून घेतला. पंचाहत्तरीपुढच्या चार बायकांनी टेबलावर उताणे निजून बघावे काय, एवढेच तिने विचारले.

खेळात मात्र ती पंधरा दिवसांत सर्वांच्या पुढे गेली. ट्रंककॉलांची बोटे होती ती. अंगठा फिरला की वडी ओळखली. आणि टाकलेली प्रत्येक वडी कोणीतरी नाव घेऊन टाकीत असल्यामुळे तिला ऐकू येई आणि ते डोक्यात राही. बाकीच्या तिघी मधल्या ढिगाऱ्याकडे बघून 'तीन वर्तुळ किती गेले गं?' म्हणत, आणि आत्या म्हणे, 'तीन गेले, चौथा तुझ्याकडे आहे, मघापासून धरून बसली आहेस.' गुण मोजायला हस्तिदंती रंगाच्या काड्या होत्या. आत्याने त्या नाकारून पिशवीभर चिंचोके नेले. हरणारीने सामोसे आणायचे, एवढाच जुगार.

ह्या जुगारावरून एक आठवले, ते लिहिल्यावाचून राहवत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील रमी खेळत. पण कॅटवर नव्हे, फोनवर. रात्री दोन वाजता अंथरुणात पडल्यापडल्या, अनोळखी माणसांशी, किंवा माणसे तरी होती की नाही कोण जाणे. त्यात पत्ते पिसण्याचा वेळ नाही, हिशेबाची भांडणे नाहीत, 'आता पुरे, दूध तापवायचे आहे' म्हणणारे कोणी नाही. दोन वर्षांत घराच्या हप्त्याचे पैसे गेले आणि मुलाची फी थकली. पैसे लावून खेळण्याच्या असल्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये केला. त्या गृहस्थांना तो उशिराच पोचला. आत्याच्या कात्रणातली रमी आणि ही रमी एकच, नियमसुद्धा तेच; मग एकीने चार बायकांना चाळीस वर्षे एकत्र बांधले आणि दुसरीने एका माणसाला घरातल्या घरात एकटे पाडले, ते कशामुळे? मला वाटते, पहिलीत वेळ फार फुकट जातो. पत्ते पिसा, कापा, वाटा. वड्या कालवा, तट रचा. हात गुंतलेले आणि तोंड मोकळे. बुद्धिबळात तोंड बंद, क्रिकेटला मैदान हवे. ह्या खेळांत मात्र दर दहा मिनिटांनी एक आयती फट असते, आणि सुनेची तक्रार, गुडघ्याचे ऑपरेशन, बंगळूरहून न आलेला फोन हे सगळे त्या फटीतूनच बाहेर येते. हू शिह ह्यांनी हिशेब केला तो ह्याच तासांचा.

बाईंचे वाचन आता चांगले चालते. नातीची वही त्या वाचतात, आणि यंदाचा दिवाळी अंक आत्याला त्याच वाचून दाखवणार आहेत असे ठरले आहे. त्यामुळे हा मजकूर लिहिताना मी शब्द जरा जपूनच वापरले आहेत. डॉक्टरीणबाईंनाही कोथरूडहून एकदा आणले होते. त्यांनी एक डाव पाहिला, आत्या खोकली तशी पर्समधून गोळी काढून तिच्यापुढे ठेवली.

त्या पेटीतली एक वडी मूळची नाही. कुठल्याशा बदलीत आठ बांबूंपैकी एक हरवली, तेव्हा पलटणीच्या सुताराने शिसवाची एक करून दिली होती. तिची पाठ काळी आहे. भिंतीत ती कुठे बसली आहे ते सर्वांना दिसते, कोणाच्या हातात गेली तेही दिसते. त्यामुळे ती ज्या बाईकडे जाईल तिचा अर्धा डाव उघडाच पडतो. ही गोष्ट आत्याला कोणी सांगितलेली नाही. ती तिला आली की तिघी जणी खिडकीबाहेर बघू लागतात. आत्या वडी उचलते, अंगठा एकदा फिरवते, मग आणखी एकदा पाठीवरून फिरवते, आणि पुढच्याच पाळीला ती टाकून देत मोठ्याने म्हणते, "आठ बांबू. लाकडी. घ्या कोणाला हवी असेल तर, सगळ्यांनी बघितलीच आहे."